एका शब्दात सातशे वर्षं

अंबरनाथचं शिवमंदिर हेमाडपंतांनी बांधलेलं नाही. त्यांना ते बांधणं शक्यच नव्हतं. मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर एक शिलालेख आहे आणि त्यात शके ९८२ हा आकडा आहे, म्हणजे इ.स. १०६०. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांपैकी मम्मुणी राजाची सत्ता होती. हेमाद्री पंडित, ज्यांना आपण हेमाडपंत म्हणतो, ते देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे मंत्री. त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मधे दोनशे वर्षं गेली. पेशवाई बुडाल्याला आज जेवढी वर्षं झाली, साधारण तेवढीच.

तरी अंबरनाथ स्टेशनवरून रिक्षा करून देवळापाशी उतरा आणि विचारा. मी विचारलं होतं. बाहेर बेलाची पानं घेऊन बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमचे म्हातारे सांगायचे, पांडवांनी एका रात्रीत उभं केलं. पण खरं विचारशील तर हेमाडपंती आहे बाळा. पुस्तकात तसंच दिलंय."

आजींनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यातली खरी कुठली तेही सांगून टाकलं. पांडवांची ऐकलेली, म्हणून ती कथा. हेमाडपंती हे छापलेलं, म्हणून ते खरं. त्या पुस्तकाचा माग काढावा असं माझ्या मनात त्या दिवशी आलं, आणि हे प्रकरण त्यातूनच निघालं.

आधी शब्दाकडे बघू. हेमाडपंती म्हणजे आपल्या मनात काय असतं? चुना न वापरता रचलेलं, काळ्या दगडाचं, जुनं देऊळ. डोळ्यांना जे दिसतं त्यावरून केलेली ही व्याख्या आहे आणि तेवढ्यापुरती ती बरोबरच आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण घडवायला चिवट, पण एकदा घडवला की धार सोडत नाही. दगडांना खाचा पाडायच्या, एकाचं कुसू दुसऱ्याच्या खोबणीत बसवायचं आणि वरच्या थराच्या वजनाने खालचा थर जागच्या जागी दाबून धरायचा. इथे कमान नसते. खांब, त्यावर हस्त, हस्तावर तुळई. छत झाकायचं तर चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड टाकत पोकळी लहान करत न्यायची आणि शेवटी मधोमध कमळाचा एक दगड बसवायचा. कुठलीही गोष्ट चिकटवलेली नसते, सगळं तोललेलं असतं. म्हणूनच अशा देवळाच्या भिंतीत पिंपळाचं एक मूळ शिरलं की पुढच्या पन्नास वर्षांत अख्खा कोपरा सुटून येतो, आणि म्हणूनच तो कोपरा पुन्हा दगड न् दगड ओळखून रचताही येतो.

पण ही पद्धत हेमाद्रींच्या आधी कितीतरी शतकं देशभर चालत आलेली होती. खजुराहोची देवळंही चुन्याशिवायच उभी आहेत. त्यांना कुणी हेमाडपंती म्हणत नाही. तो शब्द आपल्याकडचा, महाराष्ट्र आणि वऱ्हाडातला. हेमाद्री हा मोठाच माणूस होता, यात शंका नाही. 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा प्रचंड धर्मग्रंथ त्यांच्या नावावर आहे, पंढरपूरच्या देवळातल्या प्रसिद्ध 'चौऱ्याऐंशीच्या लेखा'त त्यांचं नाव येतं, आणि लंकेहून मोडी लिपी आणल्याचं श्रेय लोककथेने त्यांनाच दिलं. इतकं कर्तृत्व ज्याच्या नावावर चढलं, त्याच्या नावावर देवळंही चढली. लोकांच्या आठवणीचा हा स्वभावच आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुठलाही जुना तलाव अहिल्याबाईंचा, कुठलीही अवघड घळ पांडवांची, कुठलंही बिनचुन्याचं देऊळ हेमाडपंतांचं. बोलण्यातले असे शब्द सैल असतात. ऐकणाऱ्यालाही तो सैलपणा ठाऊक असतो, म्हणून त्यांच्यामुळे फारसं बिघडत नाही.

बिघडलं ते हा शब्द छापखान्यात गेला तेव्हा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने जिल्ह्याजिल्ह्याची माहिती गोळा करून गॅझेटियर छापायला घेतली. वऱ्हाडचं १८७० मध्ये निघालं. मुंबई इलाख्याच्या खंडांचं काम जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे होतं. ठाणे १८८२, नाशिक १८८३, अहमदनगर १८८४, पुणे १८८५ असे ते एकामागून एक बाहेर पडले. मोठं, चिकाटीचं काम होतं ते. आजही जुन्या बाजारपेठांची, पिकांची, जातींची, घाटवाटांची माहिती हवी तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. प्रत्येक खंडाच्या शेवटी जिल्ह्यातल्या पाहण्यासारख्या ठिकाणांची जंत्री असे. गावात एक जुनं दगडी देऊळ आहे. कसलं आहे म्हणून विचारलं तर गावकरी म्हणाले हेमाडपंती. जंत्रीत नोंद झाली, हेमाडपंती. पुराणवस्तूंच्या सरकारी याद्यांमध्येही हाच शब्द गेला. बोलण्यातला सैल शब्द अशा रीतीने रकान्यातला पक्का शब्द झाला.

पुढचा प्रवास तुम्हाला ओळखीचा वाटेल. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी गॅझेटियर उघडलं. स्थलमाहात्म्याच्या पुस्तिका निघाल्या, त्यांनी तिथून उचललं. शाळेच्या पुस्तकांत आलं, प्रवासवर्णनांत आलं, एसटी स्टँडवर मिळणाऱ्या 'तीर्थक्षेत्र दर्शन' छापाच्या पुस्तकांत आलं, देवळाबाहेरच्या पाटीवर आलं. जो शब्द गावकऱ्यांनी साहेबाला सांगितला, तोच शंभर वर्षांनी सरकारी शिक्का लागून गावकऱ्यांकडे परत आला. मधल्या काळात त्याची व्याप्ती किती वाढली बघा. अंबरनाथ १०६० चं. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात यादव सिंघणाचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा लेख आहे, तेही हेमाडपंती. आणि नाशिकजवळचं त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ, जे नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या सुमारास बांधायला घेतलं आणि १७८६ मध्ये पुरं झालं, तेही कितीतरी माहितीपत्रकांत हेमाडपंतीच आहे. सातशे वर्षं, चार-पाच राजघराणी, वेगवेगळे कारागीर, सगळे एका शब्दात बसवले आहेत.

हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्यातल्या अधिकाऱ्याला हे खटकलं होतं. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये सरकारने छापला. मोठ्या आकाराचा, छायाचित्रं आणि नकाशांनी भरलेला. हेमाडपंती हा शब्द कुठल्याही बिनचुन्याच्या जुन्या इमारतीला लावला जातो हे त्यांनी त्यात स्पष्टच लिहिलं. ते इंग्रजीत होतं, महाग ग्रंथात होतं, ग्रंथालयाच्या बंद कपाटात होतं. बाहेर हेमाडपंती शब्द चार आण्याच्या पुस्तिकेतून फिरत होता.

एक आकडा वाचण्याचीही गोष्ट इथे सांगायला हवी. अंबरनाथचा शिलालेख पहिल्यांदा प्रसिद्ध केला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पुसट झालेल्या अक्षरांत त्यांना शके ७८२ दिसलं, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा पाहिला आणि पहिला अंक सात नसून नऊ आहे असं दाखवलं. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं. भाऊ दाजी हे काही उथळ माणूस नव्हते, त्यांच्या काळातल्या श्रेष्ठ अभ्यासकांपैकी एक होते. दोघांचंही लेखन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आलं, दुसऱ्याने पहिल्याचं वाचन दुरुस्त केलं आणि ती दुरुस्ती टिकली. लिहिण्याचा हाही एक गुण आहे की ते खोडता येतं. फक्त दुरुस्ती ज्या भाषेत झाली त्या भाषेतच ती राहिली. मराठीत वाचणाऱ्यापर्यंत शके ९८२ पोचायला फार वेळ लागला आणि आजही तो आकडा हेमाडपंती या शब्दाच्या शेजारीच छापलेला दिसतो. एकाच परिच्छेदात, दोन ओळींच्या अंतराने. वाचणाराही दोन्ही मान्य करून पुढे जातो.

आता यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. देऊळ आहे तिथेच आहे, नाव काही का असेना. बिघडतं ते असं.

सिन्नरला गोंदेश्वराच्या आवारात शिरा. मधे मोठं देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान, असं ते पंचायतन आहे. मुख्य देवळाच्या शिखराकडे नीट बघा. चारही बाजूंच्या मध्यावरून एकेक रुंद, जाळीदार कोरीव पट्टा वरपर्यंत गेलेला दिसेल. दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात लहान लहान शिखरांच्या आडव्या रांगा आहेत, एकावर एक, वर जाताना आकाराने लहान होत जाणाऱ्या. प्रत्येक रांग म्हणजे एक भूमी, एक मजला. या पद्धतीला भूमिज म्हणतात. नाव अभ्यासकांनी काल-परवा ठेवलेलं नाही. धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातल्या ग्रंथात ते आहे. अंबरनाथचं शिखर वरून मोडलं आहे, पण जे उरलं आहे त्यावर याच रांगा दिसतात. मालेगावजवळ झोडग्याच्या माणकेश्वरावर दिसतात. आणि मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयपूर नावाचं गाव आहे, तिथे परमार राजा उदयादित्याने उदयेश्वराचं देऊळ बांधलं, तेही याच धाटणीचं. त्याचं काम १०५९ मध्ये सुरू झालं. अंबरनाथच्या लेखाच्या एक वर्ष आधी!

मला हे कळलं तेव्हा मी नकाशा पुढे घेऊन बसलो होतो. माळव्यात आणि कोकणात एकाच दशकात एकाच व्याकरणाची दोन देवळं उभी राहत होती. म्हणजे कारागीर फिरत होते, त्यांची मापं आणि नमुने फिरत होते, आणि राजे एकमेकांच्या देवळांकडे लक्ष ठेवून होते. भूमिज हा शब्द अंबरनाथचा हात धरून त्याला धार आणि उदयपूरला घेऊन जातो. हेमाडपंती हा शब्द त्याला एका मंत्र्याच्या दारात आणून बसवतो, आणि तोही मंत्री दोनशे वर्षांनंतरचा. पहिला शब्द घेतला की शिखराकडे बघावंसं वाटतं. दुसरा घेतला की दगडांच्या सांध्यात चुना आहे का एवढं बघून माणूस चप्पल घालायला वळतो.

भूमिज देवळांची अशी सलग मांडणी कृष्ण देव या अभ्यासकांच्या १९७५ मध्ये छापलेल्या लेखामुळे विद्वानांत रुळली. पुन्हा इंग्रजीत. मराठीत गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी हा विषय सामान्य वाचकापर्यंत आणण्यासाठी आयुष्यभर खटपट केली, आणि गेल्या काही वर्षांत देवळं बघायला निघालेल्या तरुण मंडळींच्या तोंडी जंघा, वेदीबंध, अंतराळ, कक्षासन हे शब्द येऊ लागले आहेत. एका ट्रेकिंगच्या गटातल्या मुलीने रतनवाडीच्या अमृतेश्वरापुढे मैत्रिणीला थांबवून "अगं, लता बघ, लता!" असं म्हटलेलं मी ऐकलं आहे. ती शिखरावरच्या त्या पट्ट्याबद्दल बोलत होती. मला फार आनंद झाला.

शब्दामुळे दिसेनासं होतं तसं पुस्तकाच्या बांधणीमुळेही होतं. पर्सी ब्राउन हे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य. त्यांचा भारतीय वास्तुकलेवरचा ग्रंथ मुंबईच्या तारापोरवालांनी १९४२ मध्ये छापला आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांतले वास्तुकलेचे विद्यार्थी त्यावरच वाढले. ग्रंथ दोन खंडांत आहे. पहिला बौद्ध आणि हिंदू काळाचा, दुसरा इस्लामी काळाचा. आता नाशिकचं सुंदरनारायणाचं देऊळ घ्या. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७५६ मध्ये बांधलं. गाभाऱ्यात विष्णू, आणि दर्शनी भागात पाकळीदार कमानी आणि घुमट. सासवड, वाई, मेणवली, जेजुरी, सगळीकडे हेच मिश्रण. चुना आला, वीटकाम आलं, कमान आली, कोपऱ्यावर मिनारासारखे खांब आले, आणि मराठा गवंड्याने हे सगळं निःसंकोचपणे देवाच्या घरासाठी वापरलं. हे देऊळ पहिल्या खंडात ठेवायचं की दुसऱ्या? दोन्हीत त्याला धड जागा नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मधल्या फटीत दीड-दोनशे वर्षांचं बांधकाम पडून राहिलं. म. श्री. माटे यांचा १६५० ते १८५० या काळातल्या मराठा वास्तुकलेवरचा प्रबंध पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, तोवर या इमारतींना स्वतःचं असं पुस्तकच नव्हतं. आजही मराठी माणूस त्या देवळांना साधी समजतो. पेशवाईत पैसा होता पण कला नव्हती, असं सुशिक्षित लोक सहज बोलून जातात. हे मत त्यांनी देवळं बघून बनवलेलं नाही. पुस्तकात ती देवळं नव्हती, म्हणून ती कमी दर्जाची असणार असं त्यांनी धरलं.

वाड्यांचं त्याहून वाईट झालं. वाडा मोजायचा तो खणात. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती खणांचं यावरून त्याची ऐपत कळे. सोपा, पडवी, माजघर, बाळंतिणीची खोली, कडीपाटाचं छत, तुळईखालचा कोरीव हस्त, चौकातला हौद. सुतार-गवंड्यांच्या तोंडी असलेली ही भाषा पिढ्यान् पिढ्या घरं उभी करत होती. ती वेळेवर पुस्तकात आली नाही. मग वाडा पाडायची वेळ आली तेव्हा कागदावर त्याचं वर्णन करायला भाडेकरूंची संख्या आणि भूखंडाचं क्षेत्रफळ एवढंच उरलं होतं.

१९३० च्या दशकात घराबद्दल लिहिणारा एक माणूस मात्र पुण्यात होता. आर. एस. देशपांडे हे अभियंता होते. 'चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया' हे त्यांचं पुस्तक १९३५ चं आणि 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' १९३९ चं. नावांत सगळं आलं: स्वस्त, आरोग्याचं, मध्यमवर्गाचं, आदर्श. कारकून, मास्तर, वकील अशा माणसांनी वाड्यातून बाहेर पडून स्वतःचं लहान घर बांधावं, त्यात ऊन-वारा कसा यावा, स्वयंपाकघर आणि संडास कुठे असावेत, हे सगळं नकाशांसह सांगणारी ही पुस्तकं. इतिहासाच्या ग्रंथांनी उभ्या असलेल्या इमारतींबद्दल लोकांचं मत बनवलं. देशपांड्यांच्या पुस्तकांमुळे लोकांना अजून न बांधलेलं घर डोळ्यापुढे दिसू लागलं. खण गेला आणि खोली आली. प्रत्येक खोलीला एकच काम आणि एकच नाव मिळालं. माजघरात दुपारी निवडण-टिपण, संध्याकाळी अभ्यास आणि रात्री अंथरुणं असा जो दिवसभराचा पालट होता, तो या नकाशात मावत नव्हता. देशपांड्यांचं काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. कोंदट खोल्यांत क्षयाने माणसं मरत होती त्या काळात उजेड आणि हवा मागणारं हे लेखन होतं. पण त्या नकाशाची ओळख आपल्या इतकी अंगवळणी पडली की आज घर म्हटलं की हॉल, किचन, बेडरूम याच क्रमाने डोळ्यापुढे येतं. बिल्डरच्या माहितीपत्रकातलं 'टू बीएचके' ही त्या क्रमाची शेवटची पायरी. आणि आज इमारतींबद्दलचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं लेखन कुठलं असेल तर ती माहितीपत्रकंच.

शब्दाने इमारत वाचल्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते मुंबईच्या ओव्हल मैदानावर उभं आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. पश्चिमेला १९३० नंतर भराव घातलेल्या जमिनीवर उठलेली गोल कोपऱ्यांच्या इमारतींची रांग आणि तिच्या उत्तर टोकाला इरॉस सिनेमा. पूर्वेकडच्या इमारतींना बराच काळ शिक्षित जगात किंमत नव्हती. ऑल्डस हक्सली १९२६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून गेले की वास्तुकलेच्या सर्वांत अंधाऱ्या काळात वाढणं हे या शहराचं दुर्दैव. तो शेरा शहाण्यासुरत्या लोकांचं मत म्हणून पुढे कित्येक वर्षं चालला.

पश्चिमेकडच्या इमारतींची तर निंदाही झाली नाही, कारण त्यांना नावच नव्हतं. सोहराबजी भेडवार यांनी आखलेलं इरॉस १९३८ मध्ये उघडलं. बांधणारे त्या शैलीला मॉडर्न म्हणत. 'आर्ट डेको' हा शब्द पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनाच्या नावातून निघाला खरा, पण शैलीचं नाव म्हणून तो रूढ झाला बेव्हिस हिलियर यांच्या १९६८ च्या पुस्तकामुळे. तीस वर्षं लोक त्या इमारतींत राहिले, लग्नं केली, भाडेवाढीवरून मालकाशी भांडले, पावसाळ्यात छज्ज्याखाली कपडे वाळवले. आपण एखाद्या शैलीत राहतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रा यांचं 'बॉम्बे: द सिटीज विदिन' १९९५ मध्ये आलं. त्याच वर्षी मुंबईत वारसा नियमावली लागू झाली आणि इमारतींना श्रेणी मिळाल्या. २००८ मध्ये याच दोघांचं 'बॉम्बे डेको' आलं. पुढे रहिवासी, वास्तुरचनाकार आणि अभ्यासक एकत्र येऊन कागदपत्रं तयार करत राहिले, आणि ३० जून २०१८ रोजी मैदानाच्या दोन्ही बाजू मिळून ६६.३४ हेक्टरचा, ९४ इमारतींचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दगड तेच, सिमेंट तेच. ज्या इमारती दिसत नव्हत्या त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आणि त्या दिसू लागल्या.

वर्तमानपत्रांत त्यानंतर एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं, मायामीनंतर मुंबईचा नंबर. या वाक्याची मला धास्ती वाटते. मायामीशी तुलना सुरू झाली की आपण मुंबईत मायामी शोधू लागतो. मग फोर्टमधली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ ची इमारत कशी बघणार? मास्टर, साठे आणि भुता यांनी ती आखली आणि एन. जी. पानसरे यांनी तिच्या दर्शनी भिंतीवर शेतकरी आणि कारागीर कोरले. उठावातल्या त्या भल्याथोरल्या माणसांचा मायामीच्या समुद्रकिनाऱ्याशी संबंध नाही. आणि दादर, माटुंगा, शिवाजी पार्कच्या तीन मजली इमारती? तोच गोल जिना, जिन्याच्या उभ्या खिडक्या, लोखंडी कठड्यातली उगवत्या सूर्याची नक्षी, प्रवेशद्वारावर सिमेंटच्या अक्षरांत कोरलेलं घरमालकाच्या आईचं नाव. तिथल्या सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाची चर्चा होते तेव्हा कार्पेट, कॉर्पस, पार्किंग हे शब्द सगळ्यांना येतात. समोरच्या कठड्याला काय म्हणायचं हे कुणालाच येत नाही, आणि ज्याला नाव नाही ते करारनाम्यात लिहून मागता येत नाही.

अंबरनाथला परत येतो. आजींशी बोलणं झालं त्या दिवशी घरी येताना गाडीतच मी एक मजकूर खरडला होता. देवळाबाहेर पाटी लावायची झाली तर तिच्यावर काय असावं याचा. आजवर तीन-चारदा बदलला. सध्या तो असा आहे:

"हे देऊळ शिवाचं आहे. गावातले वडीलधारे सांगतात की पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं. देवळातल्या लेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे. तेव्हा इथे शिलाहार राजा मम्मुणी राज्य करत होता. यादवांचे मंत्री हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले. दगड चुन्याशिवाय, खाचा पाडून रचले आहेत. गाभारा खाली आहे, पायऱ्या जपून उतरा. शिखर वरून मोडलं आहे. उरलेल्या भागावर लहान शिखरांच्या रांगा दिसतील, अशा शिखराला भूमिज म्हणतात. पूर्ण शिखर पाहायचं असेल तर सिन्नरला गोंदेश्वराला जा. वर्षाचा आकडा उत्तरेच्या दारावरच्या तुळईवर कोरलेला आहे. तिथे उजेड कमी असतो, बॅटरी लावून बघा."